डॅफोडिलचे कंद नाशिकमध्ये कधी आणि कसे लावावेत?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर राहता, गॅलरी पश्चिमेला आहे. हिमाचलमधल्या मैत्रिणीनं या आठवड्यात, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, डॅफोडिलचे २० कंद पाठवलेत. गेल्या वर्षीही तिनं पाठवले होते. ते तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत लावले, पानं हिरवीगार आली, पण फूल एकही नाही. यंदा नेमके कधी लावू, असं तुम्ही विचारलंय.

तारीख लगेच सांगतो: डिसेंबरचा दुसरा आठवडा. पण ती तारीख पाळून सगळं जमेल असं समजू नका. गेल्या वर्षी तुमची चूक तारखेत फार नव्हती. लावायच्या आधी त्या कंदांना जी थंडी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, आणि ती द्यायचं काम आत्ता, याच आठवड्यात सुरू करायचं असतं. मी गेली बावीस वर्षं मखमलाबादच्या बाजूला कंदफुलं लावतोय. पहिली चार वर्षं मीही नुसती पानंच काढली.

आधी एक करून बघा. वीसपैकी एक कंद बळी द्या. धारदार सुरीनं त्याचे शेंड्यापासून बुडापर्यंत उभे दोन भाग करा. कांद्यासारखेच पांढरे पदर दिसतील. अगदी मध्यभागी, बुडाच्या जरा वर, पिवळसर कोंबांची छोटी जुडी असते. सुईच्या टोकानं ते कोंब हळूच बाजूला सारले की तांदळाच्या दाण्याएवढी कळी दिसते. भिंगातून पाहिलं तर पाकळ्यांच्या जागा आणि परागकोशसुद्धा ओळखू येतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बराच वेळ भिंग खाली ठेवलं नव्हतं. बाहेर सप्टेंबरचा पाऊस पडतोय आणि जानेवारीचं फूल आत तयार होऊन बसलंय! कापलेल्या कंदात कळीच नसेल, तर तो कंद लहान किंवा उपाशी आहे आणि त्याच्या बरोबरीचे बाकीचेही बहुधा तसेच असतील. कळी असेल, तर ती बाहेर काढणं आता आपल्या हातात आहे.

आता थंडीचं सांगतो. नाशिकच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं, कारण आपल्याकडे कांदा आणि द्राक्ष दोन्ही आहेत. कांद्याला वाढीच्या काळात जास्त थंडी लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, हे निफाड-चांदवडकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. डॅफोडिल हा कांद्याच्याच कुळातला, ॲमॅरिलिडेसीतला. फरक इतकाच की कांद्यात थंडीमुळे फूल धरतं. डॅफोडिलमध्ये फूल उन्हाळ्यातच धरलेलं असतं, थंडी लागते ती फुलाचा दांडा लांबवायला. थंडी कमी पडली की पानं वर येतात, दांडा आतच आखूड राहतो आणि कळी कागदासारखी तपकिरी होऊन वाळते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुमच्या झाडाच्या पानांचा बुडखा फोडून पाहिला असता, तर बहुतेक अशी वाळलेली कळी सापडली असती.

द्राक्षाचंही तसंच आहे. आपल्याकडे वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. डॅफोडिलसाठी अशी पेस्ट नाही. आपली पेस्ट म्हणजे घरातला फ्रिज.

किती थंडी? मोठ्या तुतारीच्या डॅफोडिलला साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंश सेल्सिअसच्या खाली. नाशिकची थंडी चांगली आहे यात वाद नाही. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा तर दर हिवाळ्यात बातमीत असतो. पण ती रात्रीची थंडी. दुपारी त्याच कुंडीतली माती २८ अंशांना पोहोचते. रात्री कमावलेलं दुपारी जातं. शिवाय अशा पहाटा सलग बारा आठवडे येत नाहीत, आठ-दहा दिवसांच्या लाटा येतात आणि ओसरतात. म्हणून इथली हवा फूल फुलवायला पुरते, कंदाला हिवाळा द्यायला पुरत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग सगळेच कंद आजच फ्रिजमध्ये टाकते. जरा थांबा. मैत्रिणीनं पाठवलेलं नेमकं काय आहे, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

डॅफोडिल हे एक फूल नाही, मोठा गोतावळा आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं त्याचे १३ गट केले आहेत. आपल्या कामाचे दोन समजून घेतले तरी पुरे. एक, दांड्याला एकच मोठं फूल आणि मध्ये लांब तुतारी असलेले. चित्रात दिसतात ते हेच, आणि यांना फ्रिज लागतोच. दुसरे, ज्याला उत्तरेत नर्गिस म्हणतात ते टॅझेटा गटातले. एका दांड्यावर पाच-दहा, कधी त्याहून जास्त लहान फुलं, मध्ये छोटी वाटी, आणि वास असा की एक दांडा खोलीत ठेवला तर दारातून आत येतानाच कळावं. हे मूळ भूमध्य समुद्राच्या काठचे, कोरड्या कडक उन्हाळ्याची सवय असलेले. यांना थंडीची सक्ती नाही. उलट यांची कळी कंदात धरते तीच विश्रांतीच्या काळातल्या उष्णतेत, २५ अंश आणि त्याच्या वर. नर्गिसला महिनोन्महिने फ्रिजमध्ये कोंडलं तर ते उशिरा फुलतात, कधी बिघडतात. बाजारात ‘पेपरव्हाइट’ नावानं मिळतो तो पांढरा प्रकार याच जातकुळीतला, आणि उष्ण हवेत पहिल्यांदा लावणाऱ्याला मी डोळे झाकून तोच सुचवतो.

सिसिली नव्हे, सिली नावाची बेटं इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला आहेत. तिथले शेतकरी टॅझेटाच्या शेतांवर पेंढा जाळत, नंतर कंदांना धूर द्यायला लागले, म्हणजे फुलं लवकर आणि जास्त येतात. धुरातला इथिलिन वायू ते काम करतो. हे लक्षात ठेवा, कारण हाच वायू थोड्या वेळानं आपला शत्रू म्हणून भेटणार आहे.

तर मैत्रिणीला आजच फोन करून विचारा: तिच्या अंगणात एका दांड्यावर एक फूल येतं की झुबका? झुबका म्हणाली तर फ्रिजचं नाव काढू नका. कंद जाळीच्या पिशवीत घालून हवेशीर, कोरड्या, सावलीच्या जागी टांगा, चाळीतल्या कांद्यासारखे, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर लावा. एक फूल म्हणाली तर फ्रिज. आणि तिलाही नक्की माहीत नसेल, तर उरलेल्या १९ मधले दहा फ्रिजमध्ये, नऊ बाहेर. निम्म्यांचं नुकसान होईल, पण यंदा फूल दिसेल आणि पुढच्या वर्षीसाठी काय आहे ते कळेल.

आता फ्रिजची रीत. इथं बरेच जण चुकतात, म्हणून सावकाश सांगतो. कंद धुवायचे नाहीत. सुटी माती हातानं झाडायची, वरचं कोरडं टरफल ठेवायचं. प्रत्येक कंद अंगठ्यानं बुडाशी दाबून पाहायचा. टणक लागला पाहिजे आणि आकाराच्या मानानं जड. बूड मऊ, तपकिरी-गुलाबी छटेचं, किंवा वरच्या पदरातून आत काळपट दिसणारं असेल तर तो टाकायचा. ही बूडकूज फ्युझारियम बुरशीची. कांद्याला लागते त्याच बुरशीची चुलत बहीण, आणि तिला गरम ओली माती फार मानवते. चांगले कंद ट्रायकोडर्मा पावडरीत (रोगट बुरशीला रोखणारी ही उपयोगी बुरशी) हलके घोळून कागदी पिशवीत भरायचे. पिशवीला चार-पाच भोकं पाडायची. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटतं. पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. दर पंधरा दिवसांनी उघडून बघायचं आणि बुरशी आलेला कंद बाहेर काढायचा.

आणि त्या कप्प्यात फळं नकोत. सफरचंद, केळी, चिकू, पेरू, पिकलेला टोमॅटो, काही नको. पिकणारी फळं इथिलिन सोडतात आणि बंद फ्रिजमध्ये तो वायू कंदातली कळी मारतो. नर्गिसच्या शेतात उपयोगी पडणारा हाच तो वायू. वेळ आणि जागा बदलली की परिणाम उलटा. माझी पाचव्या वर्षीची सगळी लावणी अशी गेली. थंडी पूर्ण बारा आठवडे दिली होती, आणि शेजारच्या कप्प्यात सीताफळं पिकायला ठेवली होती. जानेवारीत दांडे आले, लांबही झाले, पण टोकाला कळीवर जी पापुद्र्याची पिशवी असते, तिच्यात वाळून गेलेलं फूल. ती पिशवी बोटानं चुरडली की भुसा निघायचा.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट. डॅफोडिलचा कंद विषारी आहे आणि तो दिसतो हुबेहूब कांद्यासारखा. नाशिकच्या घरात, भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत कांद्यासारखं काही सापडलं तर ते फोडणीला जाणारच. आमच्याकडे वहिनीनं एकदा विळीवर घेतला होता, चिरल्यावर डोळ्यांत पाणी आलं नाही आणि वासही आला नाही म्हणून तिला शंका आली, आणि थोडक्यात वाचलो. त्यातलं लायकोरिन हे विष शिजवूनही जात नाही, उलट्या आणि पोटदुखी होते. इंग्लंडमध्ये २००९ साली एका शाळेत मुलांनी केलेल्या सूपमध्ये कांद्यांबरोबर असा एक कंद गेला आणि मुलं आजारी पडली. म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘विषारी, खायचा नाही’ असं लिहा, पिशवी पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण किलकिलं ठेवा, आणि घरात काम करणाऱ्या मावशींना स्वतः दाखवून सांगा. कुत्रा-मांजर असेल तर कुंडीही त्यांच्यापासून लांब हवी. कंद हाताळून काहींच्या हाताला खाज येते, म्हणून हातमोजे घाला.

या आठवड्यात ठेवलेत तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेरा आठवडे भरतात. तोपर्यंत ऑक्टोबर हीट सरलेली असते. दिवाळीत लावायचा मोह आवरायचा तो यासाठीच. सणाच्या सुमारास हवा सुखद वाटते, पण दिवसभर तापलेली माती अजून थंड झालेली नसते. मी थर्मामीटर बघत नाही. सकाळी सात वाजता कुंडीतल्या मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालतो. माठातल्या पाण्यासारखी गार लागली आणि संध्याकाळी रस्त्यावर शेकोट्या दिसायला लागल्या की लावणीला हरकत नाही.

फ्रिजमधून काढलेले कंद त्याच दिवशी लावायचे. टेबलावर चार दिवस राहिले तर घरातल्या उबेत कमावलेली थंडी वाया जायला लागते. लावायला संध्याकाळ बरी, म्हणजे पहिले बारा तास गार मिळतात.

कुंडी मातीचीच घ्या. प्लॅस्टिकची काळी कुंडी पश्चिमेच्या उन्हात तापते आणि मुळं उकडून निघतात. मातीची कुंडी माठासारखी झिरपते आणि स्वतःला गार ठेवते. दहा इंची कुंडीत पाच-सहा कंद, एकमेकांना न टेकता पण जवळजवळ. दाट लावलेलेच शोभतात. तळाच्या भोकावर खापराचे तुकडे. माती म्हणाल तर आपली काळी कसदार जमीन इथं उपयोगाची नाही. ती पाणी धरते, सुकली की भेगाळते, आणि बूडकुजीला आमंत्रण देते. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग धुतलेली वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेणखत नको, युरिया तर नकोच. नत्रानं पाला माजतो, कंद मऊ पडतो.

कंदाची मान वर, बूड खाली. कुंडीत मान मातीच्या पातळीच्या जेमतेम खाली राहिली तरी चालते, कारण खाली मुळांना जागा हवी असते. जमिनीत लावणार असाल, म्हणजे गावाकडे वाफा असेल, तर मात्र खोल जा. कंदाच्या उंचीच्या तिप्पट, साधारण १५ सेंटीमीटर, कारण उष्ण हवेत खोल माती गार राहते. दोन कंदांत १० ते १२ सेंटीमीटर अंतर, आणि गादीवाफा हवाच.

तुमची पश्चिमेची गॅलरी ही खरी अडचण आहे. दुपारी दोन ते सहाचं ऊन थेट कुंडीवर येणार. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल तर तिच्या पूर्वेला कुंड्या ठेवा. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, आणि दुपारनंतर टाकीची सावली त्याच बाजूला पडते. गच्ची मिळत नसेल तर गॅलरीतच कुंडी थोड्या मोठ्या कुंडीत बसवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. वरून गोणपाट गुंडाळा. एवढ्यानं मातीत जाणवण्याइतका फरक पडतो. मी दोन्ही करून पाहिलंय, आणि फुलांचा आयुष्यकाळ दोन-तीन दिवसांनी वाढलेला पाहिलाय.

पाणी लावताना एकदा भरपूर, खालून निघेपर्यंत. मग पाने दिसेपर्यंत वरचा इंचभर थर सुकल्यावरच. या काळात जास्त पाण्यानं जेवढे कंद जातात तेवढे दुसऱ्या कशानं जात नाहीत. कळीची पिशवी पानांत दिसू लागली की नियम बदला. तेव्हापासून माती एकदाही पूर्ण सुकू द्यायची नाही, कारण त्या टप्प्यावर पडलेला एक दुष्काळी दिवस कळी वाळवतो. तुतारीवाले जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फुलतील. नोव्हेंबरमध्ये लावलेले नर्गिस तोपर्यंत होऊनही गेलेले असतील, त्यांना पाच-सहा आठवडेच पुरतात. नर्गिस तर काचेच्या वाडग्यात गोटे घालून नुसत्या पाण्यावरही येतात, फक्त पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकंच ठेवायचं.

फूल कापून घरात ठेवलंत तर गुलाबाबरोबर एकाच फुलदाणीत घालू नका. डॅफोडिलच्या दांड्यातून चिकट रस गळतो आणि दुसरी फुलं त्यानं लवकर मान टाकतात. आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून ते पाणी फेकलं की मग चालतं, फक्त दांडा पुन्हा कापायचा नाही.

पुढच्या वर्षीचं स्पष्ट सांगतो. तुतारीवाला कंद नाशिकमध्ये दुसऱ्यांदा फुलवणं जवळजवळ अशक्य आहे. फूल गेल्यावर पानांना निदान सहा आठवडे गारव्यात हिरवं राहायला मिळालं, तर कंद पुन्हा भरतो. आपल्याकडे मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो आणि पानं तीन आठवड्यांत पिवळी पडतात. कंद अर्धपोटी राहतो. म्हणून तो एका हिवाळ्याचा पाहुणा समजा आणि दरवर्षी नवा घ्या. त्यात अपयश मानू नका, उष्ण हवेतले जाणकारही असंच करतात.

नर्गिसचं तसं नाही. फुलं गेल्यावर दांडा कापा, पानं मुळीच कापू नका, त्यांच्या गाठीही मारू नका. पातळ पोटॅश दोनदा द्या. पानं आपोआप लोळली, कांद्याची मान पडते तशी, की पाणी बंद. एप्रिलमध्ये कुंडी उपडी करून कंद काढा, सावलीत सुकवा आणि जाळीत टांगा. ते मातीतच ठेवून पावसाळा काढायचा प्रयत्न करू नका. मी एका जूनमध्ये ऐंशी कंद तसे ठेवले होते. ऑगस्टमध्ये उकरले तेव्हा हाताला फक्त टरफलं आणि वास लागला.

शेवटी खरेदीबद्दल. मुलगा-मुलगी परदेशात आहे म्हणून बॅगेतून कंद मागवू नका. भारतात कंद आणायला आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. परक्या मातीतून आलेला एखादा रोग आपल्या कांद्याच्या पट्ट्यात शिरायला नको. देशातच हिमाचल-काश्मीरचे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळतात. विकत घेताना दोन नाकांचा, म्हणजे दोन शेंडे असलेला जाडजूड कंद निवडा, त्यातून दोन दांडे येऊ शकतात. घेर १४ सेंटीमीटरच्या आसपास असलेला घ्या. स्वस्त मिळतात म्हणून बोराएवढे पन्नास घेण्यापेक्षा असे दहा घ्या.

आणि मैत्रिणीचा फोन झाला की मला कळवा, एक फूल की झुबका. झुबका असेल, तर मी तुम्हाला डिसेंबरऐवजी १५ नोव्हेंबरची तारीख देईन.